इंग्रजी शब्दसंग्रहाचे अध्यापन
मराठी माध्यमाच्या वर्गात इंग्रजी शब्दांचा अर्थ, उच्चार, लेखन व वापर शिकवण्याची प्रक्रिया. पूर्वी हे काम शब्दार्थ घोकून व भाषांतर करून चाले. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. कोणते शब्द आधी शिकवावेत, या प्रश्नावर ढाक्यात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली.

महाराष्ट्रात २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आले. त्यामुळे वढू बुद्रुकसारख्या (ता. शिरूर, जि. पुणे) गावांतही अक्षरओळख होण्याआधीच इंग्रजी शब्द मुलांच्या कानांवर पडू लागले. ‘स्टँड अप’, ‘ओपन द डोअर’ या सूचना कृतीतूनच कळतात, भाषांतर लागत नाही. मोटर, पंप, ट्रॅक्टर, पाइप हे शब्द तर शेतकऱ्याची मुले घरूनच घेऊन येतात. शिक्षकाने सुरुवात तिथून करावी, हे उत्तम. खरा अडथळा स्पेलिंगचा. देवनागरीत बहुतांशी उच्चाराप्रमाणे लेखन असते; इंग्रजीत मात्र ‘कट’ आणि ‘पुट’ यांतले वेगवेगळे स्वर एकाच अक्षराने लिहिले जातात. तोच शब्द एकदा दहा ओळी लिहून काढण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने वेगवेगळ्या वाक्यांत आला, तर अधिक टिकतो.