टेम्पो, बेन्त्स आणि चिंचेतला च

आजचा विषय वाचून काहीजण गालात हसले, ते आम्ही पाहिलं. जर्मन शब्द पिंपरी-चिंचवडकरांनी कसे उच्चारावेत! आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, जर्मन नव्हे. पण आमच्या वर्गात एक मुलगा होता, कारखान्यात पाळी करून संध्याकाळी येणारा. तो 'कांट' म्हणाला आणि वर्ग हसला, कारण इंग्रजीतून शिकलेले सगळे 'कँट' म्हणत. आम्हीही त्याला दुरुस्त केलं. खरं तर जर्मन उच्चाराच्या जवळ तोच होता. मराठी पुस्तकात छापलेला 'कांट' त्याने सरळ वाचला होता. पुढे तो वर्गात बोलेनासा झाला. ही टोचणी अजून आहे.

तर, इतिहास. 1958 साली बजाज टेम्पो निघाली. हाम्बुर्गच्या कंपनीची तीनचाकी 'टेम्पो' आपल्याकडे बनू लागली, पुढे कारखाना आकुर्डीला आला. शब्द मूळचा इटालियन. जर्मनांनी तो गाडीला नाव म्हणून दिला, आपण त्याचं सामान्यनाम केलं. 2005 मध्ये कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, तरी घर बदलताना आपण टेम्पोच बोलावतो. याचा उच्चार चुकला असं कोण म्हणेल?

मर्सिडीज 1990च्या दशकात टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात जुळू लागली, 2009 मध्ये चाकणला गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनही चाकणला आली. आता जर्मन शब्दांत 'व्ही'चा उच्चार बहुधा फ, 'डब्ल्यू'चा व, आणि 'झेड'चा त्स. म्हणून फोल्क्सवागन, आणि बेन्त्स.

त्स ऐकून दचकू नका, तो आपल्या घरातलाच आहे. चहातला च आणि चाकातला च एक नव्हेत. 'चिंच' म्हणून पाहा: पहिला च वेगळा, दुसरा वेगळा. तो दुसरा म्हणजे बेन्त्सचा शेवट. शब्दाच्या सुरुवातीला हा आवाज इंग्रजाला जड जातो, आपल्याला नाही. पण आपली लिपी दोन्ही एकाच अक्षराने लिहिते, त्यामुळे आपल्याकडे काय आहे हे आपल्यालाच कळत नाही.

आता बिअर. (हशा) परवान्याशिवाय घरी ती करायला 1949च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे, तेव्हा प्रयोग शब्दांपुरताच. मायक्रोब्रुअरीत 'हेफेवायझन' मिळते. हेफे म्हणजे यीस्ट, वायत्सेन म्हणजे गहू. न गाळलेली, म्हणून गढूळ. त्स पुन्हा चिंचेतलाच. 'लेगर' हे मुळात 'लागर', म्हणजे साठवण. थंडाव्यात मुरवत ठेवलेली.

उलटा प्रवासही झालाय. नाशिकजवळ देवळालीच्या छावणीत ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असत. कंटाळ्याने, तापाने काहींचं डोकं फिरे. त्यांच्या तोंडी देवळालीचं 'डूलॅली' झालं, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ वेडसर. 2009 साली पुण्यात निघालेल्या एका मायक्रोब्रुअरीने तेच नाव घेतलं! देवळालीकर काही इंग्रजांचा उच्चार सुधारायला लंडनला गेले नाहीत.

आमचं मत विचाराल, तर जर्मन साहेबासमोर बसाल तेव्हा 'बेन्त्स' म्हणा. त्यालाही बरं वाटेल. चाकण चौकात रिक्षावाल्याला मात्र 'मर्सिडीज कंपनी'च सांगा, नाहीतर पोचणार नाही.