मायनर स्वरजुळणीची हार्मोनिका : पट्टी आणि स्थान यांच्या नामकरणाचा इतिहास

वाद्यावर छापलेली पट्टी हा वादकासाठी केलेला निःसंदिग्ध निर्देश असावा, अशी अपेक्षा असते. मायनर स्वरजुळणीच्या दहा छिद्रांच्या हार्मोनिकेच्या बाबतीत ती पूर्ण होत नाही. ए मायनरमधील एखादे गीत दुसऱ्या स्थानातून वाजवायचे असेल, तर ली ऑस्कर बनावटीची ‘ए मायनर’ असे लिहिलेली नॅचरल मायनर हार्मोनिका घ्यावी लागते. होनर बनावटीची घेतल्यास तिच्यावर ‘डी मायनर’ असे लिहिलेले असते. दोन्हींची स्वररचना एकच आहे. या तफावतीमागे वाद्याचा षड्ज कोणी ठरवायचा, निर्मात्याने की वादकाने, हा प्रश्न दडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच परामर्श घेतला आहे.

माथियास होनर यांनी जर्मनीतील ट्रॉसिंगेन येथे १८५७ मध्ये हार्मोनिका-निर्मितीचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या कंपनीची ‘मरीन बँड’ ही हार्मोनिका १८९६ पासून बाजारात आहे. तिची स्वरयोजना रिख्टर या नावाने ओळखली जाते. सी पट्टीच्या हार्मोनिकेत कोणत्याही सलग तीन छिद्रांतून फुंकले असता सी, ई आणि जी हेच स्वर, म्हणजे सी मेजर स्वरसंघात, मिळतो. श्वास ओढला असता खालच्या छिद्रांत जी, बी आणि डी मिळतात. मध्य युरोपातील लोकगीतांना एवढे दोन स्वरसंघात बहुधा पुरेसे होते. फुंकीचा स्वरसंघात हे वाद्याचे घर व ओढीचा त्याचा सोबती, अशी ही कल्पना होती. ‘सी’ हे अक्षर त्या घराचे नाव होय.

अमेरिकेत आफ्रिकन अमेरिकन वादकांनी हे घर बदलले. त्यांनी ओढीच्या जी स्वराला षड्ज मानले. यालाच दुसरे स्थान किंवा ‘क्रॉस हार्प’ म्हणतात. येथे निषाद आपोआप कोमल होतो व आपल्या परिभाषेत खमाज थाटाची सप्तके हाती येतात. त्याहून महत्त्वाचे असे की, खालच्या सहा छिद्रांतील ओढीचे स्वर जीभ व मुखविवर यांच्या साहाय्याने कमीअधिक प्रमाणात खाली उतरवता येतात. ब्लूजला आवश्यक असणारे गंधार व निषादाचे हेलकावे त्यातून साधले. १९३७ पासून ध्वनिमुद्रणे करणाऱ्या जॉन ली ‘सनी बॉय’ विल्यमसन यांनी हार्मोनिकेला ब्लूजमध्ये प्रमुख एकलवाद्याचे स्थान मिळवून दिले. जी पट्टीत गायचे आणि सी लिहिलेली हार्मोनिका उचलायची, हा वादकांचा नित्याचा हिशेब झाला. वाद्यावरील अक्षर मात्र तेच राहिले.

मायनर गीतांसाठी ही व्यवस्था अपुरी पडे. तिसऱ्या ओढीचा बी अर्ध्या स्वराने उतरवून कोमल गंधार मिळतो, परंतु स्वरसंघात मेजरच राहतो. डी हा षड्ज मानणाऱ्या तिसऱ्या स्थानात चौथ्या ते सहाव्या छिद्रांवर डी मायनर स्वरसंघात मिळतो. लिटल वॉल्टर यांनी या स्थानाचा प्रभावी उपयोग केला. तथापि त्यात धैवत शुद्ध राहतो, म्हणजे थाट काफी होतो, आसावरी नव्हे. चौथ्या स्थानात, म्हणजे ए षड्ज मानल्यास, आसावरीचे स्वर मिळतात; पण ए ओढीत व सी, ई फुंकीत असल्याने तिन्ही एकत्र वाजूच शकत नाहीत.

‘वॉर’ या वाद्यवृंदातील डॅनिश हार्मोनिकावादक ली ऑस्कर यांनी १९८३ मध्ये जपानच्या टोम्बो कंपनीच्या सहकार्याने स्वतःच्या नावाची हार्मोनिका आणली. त्यांच्या नॅचरल मायनर प्रकारात वीसपैकी पाचच रीड बदलतात : फुंकीचे तीन ई आणि ओढीचे दोन बी अर्ध्या स्वराने उतरतात. बदल लहान आहे, परंतु आता ओढीत जी मायनर स्वरसंघात सिद्ध होतो व दुसऱ्या स्थानात आसावरी थाट पूर्ण मिळतो. पहिल्या स्थानात सी मायनर स्वरसंघात असला तरी थाट काफीच होतो. ऑस्कर यांनी तिला ‘जी मायनर’ म्हटले. ब्लूज वादकांनी अर्धशतकाहून अधिक काळ मनात केलेला हिशेब येथे प्रथमच ठळकपणे वाद्याच्या अंगावर उमटला, असे म्हणण्यास हरकत नाही. होनरने फुंकीच्या घराचे नाव कायम ठेवले. जुन्या वहिवाटीच्या दृष्टीने तेही तर्कसंगतच आहे.

हार्मोनिक मायनर प्रकार या संदर्भात विशेष बोलका आहे. तेथे फुंकीचे ई आणि ओढीचे दोन ए उतरतात, बी तसाच राहतो. त्यामुळे पहिल्या स्थानात कीरवाणीची स्वरावली मिळते. दुसऱ्या स्थानातील स्वरसंघात मात्र मेजर असतो आणि स्वरावली वसंत मुखारीच्या जवळ जाते. म्हणून ऑस्कर यांनीही येथे पहिल्या स्थानाचेच नाव दिले. मूर्च्छनेशी परिचित असलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. स्वर तेच असून षड्ज हलला की राग बदलतो, हे भारतीय संगीतविचारात फार पूर्वीच मांडले गेले आहे. त्या विचाराला वाद्यावर एकच अक्षर छापण्याची अडचण मात्र कधी आली नाही.

दोन्ही कंपन्यांच्या हार्मोनिका बाळगणारा वादक म्हणूनच आवरणावरील अक्षरापाशी थांबत नाही. पहिले छिद्र फुंकून पाहतो. ए मायनरमधील गीतासाठी हाती घेतलेल्या नॅचरल मायनर हार्मोनिकेतून तेथे डी ऐकू आला, तर वाद्य योग्य आहे; मग वर काहीही लिहिलेले असो.