वऱ्हाडांतील व्यक्तिनामें : मानोरा व आसपासचा प्रदेश

वाशीम येथें इ. स. १९३९ त उजेडांत आलेला वाकाटक नृपति दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट इतिहासज्ञांच्या परिचयाचा आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेविषयींचें तें एक प्रमुख साधन असल्यामुळें वाचकाचें लक्ष प्रथम त्यांतील वंशावळीकडे जातें. दान घेणाऱ्या ब्राह्मणांचीं नांवें तो सहसा ओलांडून पुढें जातो. रुद्दज्ज, वेण्हुज्ज अशीं तीं नांवें आहेत. वंशावळीचा भाग संस्कृतांत व दानाचा भाग प्राकृतांत असल्यामुळें रुद्रार्य व विष्ण्वार्य हीं पंडिती रूपें मागें राहिलीं, आणि लोकांच्या तोंडीं जो उच्चार असावा त्याच्या जवळचें रूप तांब्यावर उमटलें. लेखकानें तीं नांवें शुद्ध करून लिहिलीं असतीं, तर सोळाशें वर्षांपूर्वीं या प्रदेशांत मुलाला हांक कशी मारीत, हें समजण्याचें एक साधन बुडालें असतें.

याच वाशीम जिल्ह्याच्या पूर्व भागांत मानोरा तालुका आहे. येथील कागद ताम्रपटांच्या तोलाचे नाहींत. कोतवाल बुकें, जमिनीचे दाखले, खरेदीखतें व सावकारी वह्या असें त्यांचें स्वरूप. परंतु नांवांच्या अभ्यासकास हेच कागद अधिक उपयोगी होत, कारण ताम्रपटांत राजे व दानपात्र ब्राह्मण येतात, यांत सर्व गांव येतें. उकर्डा, पुंजाजी, धोंडू, फकिरा, थावरा अशा नांवांशीं तेथें गांठ पडते. हीं नांवें आजच्या कानास चमत्कारिक लागतात, आणि नकल करणारास तीं सुधारून लिहिण्याचा मोह होतो. हा मोह किती घातक आहे हें दाखविण्याकरितांच प्रस्तुत टिपण लिहिलें आहे.

नांव निवडणें हें आईबापांच्या मर्जीचें काम आहे ही समजूत बरीच अर्वाचीन होय. पूर्वीं मर्जीस जागा थोडी असे. जन्मनक्षत्राच्या चरणावरून अवकहडा चक्रांत आद्याक्षर ठरे आणि त्यावरून जन्मनाम निघे. व्यवहारांतलें नांव निराळें. मानोऱ्याच्या शेजारच्या कारंजाचेंच उदाहरण घ्यावें. श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून तें गांव प्रसिद्ध आहे. माधव व अंबा यांच्या या पुत्राचें जन्मनाम शालग्रामदेव व हांकेचें नांव नरहरि, असें गुरुचरित्रांत सांगितलें आहे. संन्यासाश्रमांत नृसिंहसरस्वती हें तिसरें नांव आलें. एका पुरुषाचीं तीन नांवें, आणि तिन्हीं खरीं. एखाद्या टिपणांत एक व पत्रिकेंत दुसरें नांव दिसलें म्हणून दोन व्यक्ति कल्पिणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

दुसरें बंधन आजोबांचें. नातवास आजोबांचें नांव देण्याची चाल महाराष्ट्रांत सर्वत्र रूढ होती. बाळाजी विश्वनाथाच्या पुत्राचें नांव आजोबांवरून विसाजी. तोच पुढें बाजीराव म्हणून गाजला, आणि त्याचा पुत्र पुनः बाळाजी. नाना फडणिसांचें नांव बाळाजी जनार्दन, वडिलांचें जनार्दन बाळाजी, आजोबांचें बाळाजी महादेव. येथें एक अडचण उत्पन्न होई. सुनेनें सासऱ्याचें नांव उच्चारावयाचें नाहीं, आणि मुलाचें नांव तर तेंच. यावर तोड म्हणून नाना, दादा, भाऊ, बापू, आबा हीं संबोधनें पुढें आलीं, व कित्येकांच्या बाबतींत त्यांनीं मूळ नांव झांकून टाकिलें. पेशवाईच्या पत्रांत इतके नाना व इतके दादा कां, याचें उत्तर बरेंचसें माजघरांत आहे.

तिसरें बंधन देवाचें व नवसाचें. मालोजी भोसल्यांनीं अहमदनगरच्या शाह शरीफ पिरास नवस केला व त्यावरून पुत्रांचीं नांवें शहाजी व शरीफजी ठेविलीं, ही कथा सर्वश्रुत आहे. मानोऱ्याचा शेजारी मंगरूळपीर. तेथील हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळें गांवाच्या नांवासच पीर हा शब्द जोडला गेला. अशा प्रदेशांत हिंदु घरांतून फकिरा व पिराजी निघावे यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. उलट आज ज्या नांवांत आपणांस कांहींच विशेष दिसत नाहीं त्यांतही काळाची खूण असते. वऱ्हाडांत गजानन हें नांव आतां इतकें सामान्य आहे कीं त्याचा विचारही मनांत येत नाहीं. गणपतीचें नांव म्हणून तें जुनेंच. परंतु शेगांवचे गजानन महाराज १८७८ त तेथें प्रकट झाले असें भक्त मानतात, आणि १९१० त त्यांनीं समाधि घेतली. त्यांच्या कीर्तीनंतरचा वऱ्हाडी गजानन बहुधा महाराजांचा, त्यापूर्वींचा गणपतीचा. बिनतारखेच्या कागदाचा काळ ठरवितांना ही खूण एकटी पुरणार नाहीं, पण इतर पुराव्याच्या जोडीस घेण्यासारखी आहे.

आतां उकर्डा व त्याच्या जातीच्या नांवांकडे वळूं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ब्राह्मणाचें नांव मंगलवाचक, क्षत्रियाचें बलवाचक, वैश्याचें धनवाचक व शूद्राचें जुगुप्सित असावें असा नियम आहे. त्यावरून कागदांत ओंगळ अर्थाचें नांव दिसलें कीं तें वरच्यांनीं खालच्यांवर लादलें असा निष्कर्ष काढण्यांत येतो. तो अर्धाच बरोबर आहे. लादलेलीं नांवें होतीं, यांत शंका नाहीं. परंतु ज्या घरीं मुलें जगत नसत त्या घरीं, मग तें कोणत्याही जातीचें असो, नवें मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवीत, शेजारणीस पसाभर धान्याला विकल्यासारखें करीत, किंवा मुलाचें नाक टोंचून त्यांत नथ घालीत. आणि त्यावरून उकर्डा, भिका, नथू हीं नांवें पडत. केर-पुंजा या जोडशब्दांतला पुंजा याच पंगतीला बसतो. सटवाईची व मृत्यूची दृष्ट अशा तुच्छ वस्तूवर जाणार नाहीं, ही भावना. गणित व ज्योतिष यांत नांव मिळविलेले केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) यांचें मूळ नांव विनायक. विष्णुबावा ब्रह्मचारी यांच्या वडिलांचें नांव भिकाजी गोखले. केरो व भिकाजी हीं नांवें अशा घराण्यांतून कोणी लादलीं म्हणावें? तीं प्रेमानें व भीतीनें ठेविलेलीं आहेत. जें नांव आज आपणांस मुलाचा अपमान वाटतें, तें बहुतेक वेळां त्या घरांतील मागच्या मृत मुलांचें एकमेव लेखी स्मारक असतें.

पण येथेंही सरसकट नियम बांधतां येत नाहीं. नकुशी हें मुलीचें नांव बाह्यतः उकर्ड्याच्याच वळणाचें आहे. त्याचा हेतु नेमका उलटा. उकर्डा हवा म्हणून उकर्डा, नकुशी नको म्हणून नकुशी. मुलीमागून मुली झाल्या कीं शेवटचीस हें नांव देत. ही गोष्ट फार जुनी नाहीं : २०११ सालीं ऑक्टोबरांत सातारा जिल्ह्यांत अडीचशेंहून अधिक मुलींचीं अशीं नांवें समारंभपूर्वक बदलण्यांत आलीं. शब्दाचा अर्थ कोशांत सांपडेल, हेतु सांपडणार नाहीं. तो घराच्या वंशावळींतच शोधावा लागतो. स्त्रियांच्या बाबतींत तर तेंही कठीण, कारण पुरुष वल्द या शब्दानें बापाशीं जोडलेला असतो व स्त्री कोम या शब्दानें नवऱ्याशीं. शिवाय लग्नांत तिचें नांवच बदलतें, त्यामुळें माहेरच्या कागदांतली ती आणि सासरच्या कागदांतली ती यांची गांठ पडत नाहीं. या दृष्टीनें महानुभावांचें लीळाचरित्र हें केवढें धन आहे! आबाइसा, उमाइसा, हिराइसा, देमाइसा अशा तेराव्या शतकांतील स्त्रिया तेथें स्वतःच्या नांवानें वावरतात.

मानोरा तालुक्याचें विशेष म्हणजे पोहरादेवी. बंजारा समाजाचें हें मुख्य श्रद्धास्थान. येथें श्रीसेवालाल महाराजांची समाधि आहे, रामनवमीस मोठी यात्रा भरते, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं येथें बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्‌घाटन झालें. सेवालालांच्या पित्याचें नांव भीमा. भावांचीं हापा, बद्दू व पुरा. चार भावांपैकीं एकाचें नांव तांड्यातांड्यांतून पसरलें. हापा व बद्दू यांचें भाग्य तसें उघडलें नाहीं. एकाच घरांतलीं, एकाच पिढींतलीं, एकाच आईनें ठेविलेलीं नांवें. त्यांतलें एक सामान्य व बाकीचीं दुर्मिळ होण्याचें कारण नांवांत नाहीं, त्या पुरुषाच्या चरित्रांत आहे. थावरा या नांवाचा उलगडा मात्र भाषेनेंच होतो. राजस्थानी व गोरमाटी बोलींत थावर म्हणजे शनिवार. आपल्याकडे सोमा, मंगळ्या, बुधा तसा हा शनिवारीं जन्मलेला. त्याचा स्थावर या संस्कृत शब्दाच्या नेहमींच्या अर्थाशीं जोड लावून डोंगर कीं जमीन अशी चर्चा करण्याचें प्रयोजन नाहीं.

बंजाऱ्यांत राठोड, पवार, चव्हाण, जाधव, आडे अशीं मोजकींच आडनांवें असल्यामुळें माणूस ओळखावयाचा तो स्वतःच्या, बापाच्या व तांड्याच्या नांवानें. तीं नांवें गेल्या शंभर वर्षांत झपाट्यानें पालटलीं. पुसद तालुक्यांतील गहुलीच्या नाईक घराण्यांत हें स्पष्ट दिसतें. फुलसिंग यांचे पुत्र वसंतराव (जन्म १९१३), जे १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. वसंतरावांचे बंधु राजूसिंग, आणि राजूसिंगांचे पुत्र सुधाकरराव, तेही १९९१ त मुख्यमंत्री झाले. सिंग जाऊन राव आला, आणि फुलाच्या जागीं वसंत व सुधाकर आले. वसंत, सुधाकर, प्रभाकर हीं त्या काळीं शिकलेल्या मराठी घरांतून नवीन चालू झालेलीं नांवें होत. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकाचा नायक सुधाकरच आहे. तेव्हां जें नांव तांड्यांत नवलाचें, तेंच पुण्या-नागपुरांत फॅशनीचें. कोणतें नांव सामान्य व कोणतें विरळा, हा प्रश्न नेहमीं स्थळ व साल सांगूनच विचारला पाहिजे.

आईबापांनीं पूर्ण जाणून-बुजून नांवें पालटल्याचें सर्वांत ठळक उदाहरणही विदर्भांतच घडलें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें डॉ. आंबेडकरांनीं बौद्धधर्माची दीक्षा घेतली. त्यानंतरच्या पिढींत सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, राहुल, यशोधरा हीं नांवें घरोघर आलीं. जुगुप्सित नांवांच्या जुन्या नियमास याहून स्पष्ट उत्तर कोणत्या ग्रंथांत सांपडेल असें आम्हांस वाटत नाहीं.

हा विषय केवळ हौशीचा नाहीं. विमुक्त जातींच्या माणसास जातीचा दाखला मिळविण्याकरितां त्याचें कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीं महाराष्ट्रांत होतें असें दाखवावें लागतें, आणि बंजारा समाज याच वर्गांत मोडतो. मग आजोबा-पणजोबांच्या नांवाचा कागद शोधणें आलें, व बहुतेकांची धांव कोतवाल बुकापाशीं थांबते. तेथें अडचणी दोन. बारसें बाराव्या दिवशीं, आणि कोतवालाची नोंद त्याच्या आधीं; त्यामुळें पुष्कळदां बापाच्या नांवापुढें नुसता मुलगा किंवा मुलगी एवढेंच असतें. दुसरें, नोंद मोडींत असल्यास तींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, आणि वाचणारानें एका अक्षराचा तर्क चुकविला किंवा ओळखीचें नांव समजून दुरुस्ती केली कीं नातवाची साखळी तुटते. उकर्ड्याचा ओंकार करणारास आपण भाषेची सेवा केली असें वाटत असेल. एखाद्या घराचा पुरावा त्यानें नाहींसा केलेला असतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, नकल करतांना नांव जसें दिसेल तसेंच उतरावें, संशयित अक्षरावर खूण करावी, आणि आपला तर्क असल्यास तो कंसांत वेगळा द्यावा. हाच नियम कारंजाच्या जैन भांडारांतील पोथ्यांच्या प्रशस्तींनाही लागू करावा. रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीमुळें ते ग्रंथ विद्वानांस कळले, पण त्यांच्या शेवटीं पोथी लिहवून घेणाऱ्या श्रावक-श्राविकांचीं जीं नांवें येतात त्यांची स्वतंत्र यादी व्हावयास पाहिजे. तांड्यांतील भाट व ढाडी यांच्या मुखीं असलेल्या वंशावळी तर आधीं उतरून घ्याव्यात, कारण त्यांची दुसरी प्रत नाहीं.

एका नांवाचा निकाल आम्ही मुद्दाम राखून ठेविला आहे. धोंडो किंवा धोंडू याची उपपत्ति तीन प्रकारें लागते : मूल धोंड्यासारखें टिकावें किंवा तुच्छ दिसावें म्हणून धोंडा, धुंडिराज या गणेशनामाचा अपभ्रंश, आणि अधिक मासास धोंड्याचा महिना म्हणतात, त्यांत जन्मलेला. महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्यासारखें थोर उदाहरण असूनही केवळ नांवावरून या तिहींत निवड करतां येत नाहीं. जन्मतिथि अधिक मासांतली असून नांवही धोंडू आहे, अशी पत्रिका अगर टिपण ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं तें मूळ वळणासह प्रसिद्ध करावें.