रेसच्या दिवशी ‘संभाव्य विजेता’ कसा ठरवतात? समजून घ्या रेसकार्डची भाषा

फेब्रुवारीतला पहिला रविवार. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘इंडियन डर्बी’चा दिवस. त्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक छोटी चौकट दिसते. प्रत्येक शर्यतीसमोर दोन-तीन घोड्यांची नावं आणि शेवटी ‘दिवसाचा बेस्ट’. रेस न खेळणाऱ्यांना ही चौकट म्हणजे ज्योतिष वाटतं, तर खेळणाऱ्यांपैकी अनेकांना ती हमी वाटते.

खरं तर ती या दोन्हींपैकी काहीच नाही. मग ही नावं नेमकी कशी निघतात? ती किती वेळा बरोबर येतात? आणि ती बरोबर आली तरी पैसे लावणाऱ्याच्या हाती काय उरतं? पाहू या.

रेसकार्डमध्ये काय असतं?

एका दिवसात साधारण सात-आठ शर्यती होतात. प्रत्येक शर्यतीचं अंतर, बक्षिसाची रक्कम आणि कोणत्या गटातले घोडे धावणार हे आधी जाहीर होतं. प्रत्येक घोड्यासमोर त्याचं वय, त्याचे आई-वडील, मालक, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचं वजन आणि ड्रॉ, म्हणजे स्टार्टिंग गेटमधली जागा दिलेली असते. सोबत मागच्या काही शर्यतींत तो कितवा आला याचे आकडे असतात. अंदाज बांधणारे सर्वात आधी हे आकडे बघतात.

पण नुसता क्रमांक फसवतो. तगड्या घोड्यांमध्ये चौथा आलेला घोडा दुबळ्या घोड्यांमध्ये पहिल्या आलेल्या घोड्यापेक्षा सरस असू शकतो. म्हणून तो कितवा आला यासोबत तो कोणाविरुद्ध धावला आणि किती अंतराने हरला, हेही बघावं लागतं.

वजनाचा हिशेब काय?

बहुतेक शर्यती ‘हँडिकॅप’ प्रकारच्या असतात. घोड्याच्या कामगिरीवरून हँडिकॅपर त्याला रेटिंग देतो. रेटिंगमधला एक गुण म्हणजे अर्धा किलो. समजा, ‘अ’ घोड्याचं रेटिंग ६० आणि ‘ब’चं ५२ आहे. फरक आठ गुणांचा, म्हणून ‘अ’च्या पाठीवर चार किलो जास्त. जॉकीचं वजन कमी पडलं तर खोगिरासोबत शिसं लावून भरून काढतात.

उद्देश सरळ आहे. कागदावर तरी सगळे घोडे एका रेषेत पोहोचावेत. म्हणजे हँडिकॅपरने आपलं काम चोख केलं असेल तर विजेता ओळखताच येऊ नये! अंदाज बांधणारा नेमकी त्याच्या हिशेबातली फट शोधतो. झपाट्याने सुधारतोय पण रेटिंग अजून मागे आहे, असा घोडा त्याला हवा असतो. जिंकल्यावर रेटिंग वाढतं, त्यामुळे कालचा विजेता आज जास्त ओझं घेऊन धावतो. नवशिक्या जॉकीला, म्हणजे ॲप्रेंटिसला, मिळणारी वजनाची सवलतही याच हिशेबात धरतात.

डर्बीचं गणित वेगळं का?

इंडियन डर्बी १९४३ पासून होते. पहिल्या वर्षी बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ ही घोडी जिंकली होती. ही शर्यत चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते आणि अंतर २४०० मीटर. इथे हँडिकॅप नसतो. सगळ्या नरांना सारखं वजन, तर घोड्यांना टक्कर देणाऱ्या घोडीला थोडी सवलत. म्हणून इथे अस्सल ताकद जास्त उठून दिसते.

तरीही एक मोठा प्रश्न उरतो तो दमसासाचा. डिसेंबरमधली ‘२००० गिनीज’ १६०० मीटरची असते. ती जिंकणाऱ्याकडे वेग असतो हे दिसलं, पण पुढचे ८०० मीटर त्याला झेपतील का? इथे वंशावळ कामी येते. आई-वडील लांब पल्ल्याचे असतील तर आशा जास्त. शिवाय बंगळुरू, हैदराबादहून आलेले घोडेही असतात. वेगवेगळ्या ट्रॅकवर धावलेल्यांची तुलना करणं हे या दिवसाचं सर्वात अवघड काम.

आणखी काय बघतात?

जमीन : पुण्याचा हंगाम पावसाळ्यात, मुंबईचा हिवाळ्यात. पुण्याच्या मऊ, ओल्या ट्रॅकवर खुलणारा घोडा महालक्ष्मीच्या टणक जमिनीवर तसाच धावेल असं नाही.

ड्रॉ : कमी अंतराच्या शर्यतीत बाहेरची जागा मिळाली तर वळणावर जास्त धावावं लागतं. लांब शर्यतीत सावरायला वेळ मिळतो.

शर्यतीचा वेग : पुढे राहून धावणारा एकच घोडा असेल तर तो आरामात आघाडी घेऊन शेवटपर्यंत टिकू शकतो. असे चार घोडे असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याचं फावतं.

जॉकी : एकाच ट्रेनरचे दोन घोडे धावत असतील तर त्याचा मुख्य जॉकी कोणावर बसतो, हा बोलका इशारा असतो.

सकाळचा सराव : घोड्यांच्या सरावाच्या वेळा प्रसिद्ध होतात. पण तिथे ट्रेनर घोड्याला पूर्ण जोर लावायला देतोच असं नाही.

पॅडॉक : शर्यतीआधी घोडे इथे फिरवतात. शांत चाल आणि चकाकती कातडी हे चांगलं लक्षण. घामाने थबथबलेला, बिथरलेला घोडा दिसला तर सकाळचा अंदाज मोडीत काढणारे अनुभवी लोक असतात. वर्तमानपत्रातली चौकट आदल्या दिवशी तयार होते, तिला हे दिसलेलंच नसतं.

अंदाज किती खरे ठरतात?

सर्वाधिक पसंतीचा घोडा, म्हणजे ‘फेव्हरिट’, ढोबळमानाने तीनपैकी एका शर्यतीत जिंकतो. म्हणजे सगळ्यांनी मिळून काढलेला सर्वोत्तम अंदाजही बहुतेक वेळा चुकतो. भारतातल्या सर्वकालीन महान घोड्यांपैकी एक ‘स्क्वॉन्डरर’ १९ पैकी १८ शर्यती जिंकला. हरला एकदाच, पण त्या दिवशी त्याच्यावर पैसे लावणाऱ्यांसाठी तेवढं पुरेसं होतं.

अंदाज बरोबर आला तर फायदा होतो का?

इथे खरी मेख आहे. समजा, चार घोड्यांच्या शर्यतीत बुकीचे भाव एकास एक, दोनास एक, चारास एक आणि नवास एक आहेत. या भावांमागची शक्यता अनुक्रमे ५०, ३३.३, २० आणि १० टक्के. बेरीज ११३.३ येते. शंभराच्या वरचे हे टक्के म्हणजे बुकीची कमाई. टोटवर सगळ्यांचे पैसे एकत्र जमतात आणि आधी कपात होऊन मगच उरलेले विजेत्यांत वाटले जातात.

त्यावर कर. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. मात्र त्यामुळे कर चुकत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे. १०० रुपयांच्या पैजेवर हा कर वरून धरला तर खिशातून १४० रुपये जातात. एकास एक भावाचा घोडा जिंकला तर हाती २०० येतात. म्हणजे केवळ बरोबरीत राहायलाही असे घोडे दहापैकी सात वेळा जिंकायला हवेत. तीनपैकी एक विरुद्ध दहापैकी सात, हा फरक कुठलीही चौकट भरून काढू शकत नाही. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर आहेच.

‘शुअर शॉट’ टिप देणाऱ्यांचं काय?

डर्बीच्या आठवड्यात व्हॉट्सॲप, टेलिग्रामवर ‘आतली बातमी’ विकणारे ग्रुप उगवतात. एक साधा प्रश्न विचारून बघा. विजेता खरंच माहीत असेल तर ही व्यक्ती तो काही रुपयांत तुम्हाला का विकतेय? आठ जणांना आठ वेगळे घोडे सांगितले तर एकाची टिप बरोबर येणारच, आणि पुढच्या वेळी तोच जास्त पैसे देतो. रेसकोर्सबाहेरच्या बेकायदा बुकीकडे पैसे अडकले तर दाद मागायलाही जागा नसते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर केंद्राच्या २०२५च्या कायद्याने बंदीच आणली आहे.

थोडक्यात काय?

संभाव्य विजेत्यांची यादी म्हणजे मागची कामगिरी, वजन, अंतर, जमीन आणि जॉकी यांवरून काढलेला अभ्यासू अंदाज. ती वाचायला आली की शर्यत बघण्याची मजा नक्की वाढते. पुढच्या डर्बीला रेसकार्ड हातात घ्या, पॅडॉकजवळ उभे राहा आणि आपला घोडा कागदावर लिहून ठेवा. बरोबर आला तर आनंद तेवढाच होतो, आणि चुकला तर खिसा शाबूत राहतो.