जेनेव्हीव नावाची सवत

आमच्या बाबांची चेतक सकाळी तिरकी केल्याशिवाय सुरूच व्हायची नाही. बाबा घामाघूम होऊन किक मारतायत आणि आई डबा हातात घेऊन घड्याळाकडे बघतेय, हे आमच्या लहानपणीचं रोजचं दृश्य. "विका ती एकदाची!" हे पार्श्वसंगीत. त्यामुळे परवा शनिवारी १९५३ सालचा 'जेनेव्हीव' परत लावला आणि दहा मिनिटांत घरी आल्यासारखं वाटलं.

अ‍ॅलन हा लंडनचा वकील आणि जेनेव्हीव ही त्याची १९०४ ची डॅराक मोटार. दर नोव्हेंबरात लंडन ते ब्रायटन जुन्या गाड्यांची फेरी निघते, त्यात हिला न्यायचं म्हणजे न्यायचं. बायको वेंडी बिचारी या सवतीसोबत थंडीवाऱ्यात कुडकुडत जाते. मित्र अ‍ॅम्ब्रोजकडे स्पायकर मोटार. त्याच्याबरोबर रोझलिंड नावाची सुंदरी आणि एक अवाढव्य कुत्रा. ब्रायटनला चौघांचं वाजतं आणि परतताना १०० पौंडांची पैज लागते: वेस्टमिन्स्टर पूल आधी कोण गाठतो?

आता गंमत बघा. ही फेरी मुळात शर्यतच नाही! १८६५ च्या कायद्यानुसार इंग्लंडात यांत्रिक गाडीला खेड्यात ताशी ४ मैल आणि शहरात २ मैल अशी मर्यादा होती, वर गाडीपुढे लाल निशाण घेऊन एक माणूस चालणार. (निशाण पुढे सुटलं, पण पुढे चालणारा माणूस राहिला.) १४ नोव्हेंबर १८९६ ला नवा कायदा लागू झाला, हा जाच संपला आणि त्या आनंदात मंडळी गाड्या काढून ब्रायटनला गेली. १९२७ पासून त्याची आठवण म्हणून ही फेरी निघते. थोडक्यात, सरकारने 'आता जरा पळा' म्हटल्याचा वाढदिवस. त्याची शर्यत करणं हा निव्वळ पुरुषी उद्योग!

बरं, नायक जॉन ग्रेगसनला चित्रीकरण सुरू झालं तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. के केंडल ट्रंपेट झोकात वाजवते, पण आवाज केनी बेकरचा. शेवटी स्पायकरचं चाक ट्रामच्या रुळांत अडकतं आणि गाडी भलतीकडेच जाते. तो प्रसंग तर इतिहासच आहे. लंडनमधली शेवटची ट्राम जुलै १९५२ मध्ये धावली आणि चित्रीकरण त्याच शरदात झालं. ट्राम गेली होती, रूळ मात्र रस्त्यात तसेच होते. आणि जेनेव्हीव? ती पुलाच्या तोंडाशी बंद पडते, मग ब्रेक सुटून आपोआप घरंगळते आणि जिंकते.

पण मला सगळ्यात आवडतो तो वाटेत भेटणारा म्हातारा. अ‍ॅलनची घाई चाललीय आणि हे आजोबा आपल्या तरुणपणीच्या डॅराकच्या गोष्टी सांगत बसतात. अ‍ॅलन गाडी दामटू शकला असता. तो थांबतो, ऐकतो. वेंडी त्याच्याकडे कशी बघते ते बघाच. (चेतक विकायची वेळ आली तेव्हा "अजून चालतेय की" असं आमची आईच म्हणाली होती. असो.)

लोक याला अस्सल ब्रिटिश चित्रपट म्हणतात. आता हिशोब करा: डॅराक फ्रेंच, स्पायकर डच, दिग्दर्शक हेन्री कॉर्नेलियस दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, लेखक विल्यम रोज अमेरिकन. आउटसोर्सिंग आम्ही सुरू केलं असा आरोप उगाच होतो!

आणि संगीत लॅरी अ‍ॅडलरचं, तोही अमेरिकन. तोंडाने वाजवायच्या बाजाचा, म्हणजे हार्मोनिकाचा, बादशहा. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून तिथे काळ्या यादीत गेला म्हणून इंग्लंडात आला. चित्रपट अमेरिकेत लागला तेव्हा श्रेयनामावलीतून त्याचं नाव काढून टाकलं. संगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं, तेही संगीत संचालन करणाऱ्या म्यूर मॅथिसनच्या नावावर. मी लिहिलेल्या एका मॉड्यूलवरून माझं नाव उडवलं होतं तेव्हा मी दोन दिवस चहासुद्धा कोणाशी बोलून प्यायलो नव्हतो. अ‍ॅडलरला तीसेक वर्षं थांबावं लागलं. अकादमीने नोंद दुरुस्त केली ती १९८६ साली, तो सत्तरी ओलांडून गेल्यावर.

नाव काढलं, पण बाजा काढता आला नाही. पहिल्या चौकटीपासून शेवटच्या पुलापर्यंत तोच वाजतोय.