कासवांचे जमीन उकरणे
जमीन उकरणे हे भूचर कासवांचे (कुल : टेस्टुडिनिडी) नैसर्गिक वर्तन आहे. तापमानाचे नियमन, शरीरातील पाण्याची बचत, शत्रूंपासून संरक्षण, निद्राकाळ आणि अंडी घालणे ही त्याची प्रमुख कारणे होत. पाळीव कासवांतही हे वर्तन टिकून राहते.

नैसर्गिक अधिवासातील वर्तन
कासव हा शीतरक्ताचा प्राणी असल्याने त्याच्या शरीराचे तापमान परिसरावर अवलंबून असते. बिळातील हवा दिवसा बाहेरच्यापेक्षा थंड, रात्री उबदार आणि एकंदरीत अधिक दमट असते. साहेल पट्ट्यातील सल्काटा कासव कडक उन्हाळ्यात खोल बिळात राहते. ते शीतनिद्रा घेत नाही. याउलट मध्य आशियातील रशियन कासव कडाक्याची थंडी व कोरडा उन्हाळा, असा वर्षाचा बराचसा काळ जमिनीखाली काढते. अमेरिकेच्या आग्नेय भागातील गोफर कासवाच्या बिळांचा आसरा ३५० हून अधिक प्राणिजाती घेतात.

सर्वच जाती बिळे खणत नाहीत. भारतातील स्टार कासव प्रामुख्याने गवतात व झुडपांखाली आश्रय घेते. मादी मात्र अंड्यांसाठी खड्डा खणते.

उकरण्याची पद्धत
बीळ किंवा निवारा खणताना कासव पुढचे पाय वापरते. अंड्यांचा खड्डा मादी मागच्या पायांनी खणते. माती कठीण असल्यास काही जातींच्या माद्या ती मूत्राने ओली करतात. अंडी घातल्यावर खड्डा बुजवून जागा सपाट केली जाते. त्यामुळे कोणते पाय वापरले जात आहेत, यावरून उकरण्याच्या हेतूचा अंदाज बांधता येतो.

पाळीव कासवांतील कारणे
निवाऱ्याची जागा अति उष्ण, अति थंड किंवा फार कोरडी असल्यास कासव वारंवार उकरते. लपण्यास जागा नसणे हेही एक कारण असते. काचेच्या पेटीतील कासवाला पारदर्शक भिंत हा अडथळा म्हणून उमगत नाही. ते कोपऱ्यात सतत ओरबाडत राहते. गुळगुळीत फरशीवर ठेवलेल्या कासवाला हे वर्तन पूर्ण करताच येत नाही. बीळ खणणाऱ्या जातींसाठी पुरेसा खोल व किंचित ओलसर मातीचा थर आवश्यक असतो. उघड्या आवारात सल्काटासारखी मोठी कासवे कुंपणाखालून बाहेर पडू शकतात, तसेच खचलेल्या बिळात अडकू शकतात.

अंडी अडकणे
मादी नराशी संयोग न होताही अंडी घालू शकते. अशी अंडी सामान्यतः अफलित असतात. म्हणून एकटी पाळलेली मादी अस्वस्थपणे फिरू लागली, खाणे कमी करून अनेक ठिकाणी मागच्या पायांनी खड्डे उकरून सोडू लागली, तर अंड्यांची शक्यता गृहीत धरली जाते. योग्य जागा न मिळाल्यास अंडी शरीरातच अडकून मृत्यू ओढवू शकतो. क्ष-किरण तपासणीत कवच तयार झालेली अंडी दिसतात. अशा वेळी पशुवैद्यकीय उपचार तातडीचे ठरतात.

कायदेशीर स्थिती
स्टार कासवाला भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून ते घरी पाळणे बेकायदेशीर आहे. २०१९ मध्ये या जातीचा समावेश साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात करण्यात आला.