फळ न धरणारं झुडूप

कंपनीच्या कामासाठी दीड वर्ष लंडनला होते, तेव्हा मला परवडलेलं घर अर्धं जमिनीखाली होतं. मागच्या दारातून चार पायऱ्या चढलं की एक अंगण लागायचं. तीन बाजूंना विटांच्या उंच भिंती, चौथीला आमचीच इमारत, वर शेजारच्यांच्या झाडाच्या फांद्या. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिथे उन्हाचा एक कवडसाही पडत नसे. त्या अंगणाच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात माझ्यापेक्षा उंच, गच्च भरलेलं एक झुडूप होतं. चामड्यासारखी जाड, चकचकीत पानं आणि त्यांवर कुणी हळदीचा हात झटकावा तसे पिवळे शिंतोडे.

मी फोटो काढून आईला पाठवला. ती म्हणाली, "क्रोटन आहे गं. पण क्रोटनला ऊन लागतं. तिथे कसं जगलं ते?"

तिचं उत्तर चुकीचं होतं, पण प्रश्न बरोबर होता.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंना हे झुडूप उपटून टाकायचं होतं. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंच्या मते हे झाड म्हणजे स्टेशनच्या संडासामागे लावायचं झाड. 'सावलीत येणारं दुसरं काही शोध, पैसे मी देते,' असं त्यांनी मला सांगितलं. म्हणून फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी रोपवाटिकेत गेले. सावलीतल्या झुडपांसाठी तिथे वेगळी मांडणी होती. मी चिठ्ठ्या वाचत गेले: कॅमेलिया जापोनिका, फॅट्सिया जापोनिका, स्किमिया जापोनिका, पिएरिस जापोनिका, महोनिया जापोनिका. अंगणातल्या झुडपाचं नावही तिथेच कळलं, ऑक्युबा जापोनिका. जापोनिका म्हणजे जपानची. (महोनिया मुळात चीनकडची, पण युरोपीय लोकांनी ती जपानी बागांत पाहिली म्हणून तिच्यावरही तोच शिक्का बसला.)

एका देशाच्या सावल्या दुसऱ्याच देशाच्या झुडपांनी भरून काढल्या होत्या. इतिहासाची मला फार गोडी आहे असं नाही, पण लॉगमध्ये एकच शब्द पाच वेळा दिसला की त्याचा माग काढल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पहिलं कारण हिमयुगाचं. ब्रिटनवर पुन्हापुन्हा बर्फ चढलं तेव्हा झाडांना दक्षिणेकडे सरकावं लागलं, आणि युरोपात दक्षिणेची वाट आल्प्ससारख्या आडव्या डोंगरांनी आणि समुद्राने अडवलेली आहे. बऱ्याच जाती तिथेच संपल्या. बर्फ ओसरल्यावर ब्रिटनमध्ये जी सदाहरित झाडं-झुडपं उरली ती बोटांवर मोजण्याइतकी: होली, बॉक्स, आयव्ही, यू आणि अशीच आणखी काही. जपानवर तशी सलग बर्फाची चादर नव्हती. दक्षिणेकडच्या भागात रुंद पानांची सदाहरित जंगलं टिकली आणि त्यांच्या दाट छताखाली बारमाही अंधारात राहायला शिकलेली झुडपंही टिकली.

अंधारात राहायचं म्हणजे जमाखर्च सांभाळायचा. पानाला प्रकाशातून मिळकत होते आणि नुसतं जिवंत राहण्यावर खर्च होतो. सूर्यावर पोसलेल्या झाडाचा खर्च मोठा, त्यामुळे सावलीत त्याचं दिवाळं निघतं. ऑक्युबासारख्या झुडपाचा खर्चच मुळात कमी. एकेक पान ते वर्षानुवर्षं वापरतं आणि वाढायची घाई करत नाही. भर उन्हात उलटी गत होते, पानं करपून काळी पडतात. शिवाय शहरातली सावली ही बहुधा कोरडी सावली असते. भिंती पाऊस अडवतात आणि मोठ्या झाडांची मुळं उरलेलं पाणी पिऊन टाकतात. सावलीसाठी झुडूप निवडताना लोक प्रकाशाचा विचार करतात, पाण्याचा करत नाहीत, आणि बहुतेक रोपं तिथेच मरतात. ऑक्युबा दोन्ही सोसतं.

आता हे झुडूप तिथे पोचलं कसं ते पाहू. सतराव्या-अठराव्या शतकात जपानने युरोपीय लोकांना दारं बंद केली होती. फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकी बंदरातल्या देशिमा नावाच्या छोट्या कृत्रिम बेटावर राहायची मुभा होती. डच कंपनीचे तिथले डॉक्टर बरेचदा वनस्पतींचे वेडे असत. एंगेलबर्ट केम्फर १६९० ते १६९२ या काळात तिथे होता. १७१२ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात हे झुडूप येतं. त्यानंतर १७७५ मध्ये कार्ल पीटर थुनबर्ग आला. हा स्वीडिश, लिनियसचा शिष्य. बेटाबाहेर पडायला परवानगी नाही म्हणून जनावरांसाठी येणाऱ्या चाऱ्याच्या भाऱ्यांतून तो वनस्पती निवडून काढायचा. या झुडपाचं शास्त्रीय नाव त्याने जपानी नावावरूनच घडवलं. जपानीत त्याला आओकी म्हणतात, म्हणजे हिरवं झाड.

गंमत अशी की युरोपला जे आवडलं ते हिरवं नव्हतंच. १७८३ मध्ये जॉन ग्रेफर नावाच्या जर्मन माळ्याने ऑक्युबा इंग्लंडमध्ये आणलं, ते पिवळ्या शिंतोड्यांचं. जंगलात साध्या हिरव्या पानांचं झुडूप सर्रास सापडतं. शिंतोड्यांची ही तऱ्हा जपानी बागवानांनी शौकाने जपलेली होती. आलेलं रोप आधी काचघरात नाजूकपणे वाढवलं गेलं. मग हे थंडीलाही पुरून उरतं हे लक्षात आलं आणि ते बाहेर पडलं. ग्रेफर पुढे इटलीत नेपल्सजवळ कासेर्ताला राणीसाठी इंग्रजी धाटणीची बाग करायला निघून गेला आणि आपल्या गोष्टीतूनही गेला.

ऑक्युबात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको, पपई सगळ्यांनी पाहिली आहे. आमच्या मागच्या आळीत एकांनी परसात लावलेल्या पपईला तीन वर्षं नुसत्या फुलांच्या लांब माळा लोंबत होत्या आणि गल्लीतला प्रत्येक जण 'नर आहे हो, उपटा' असा सल्ला देऊन जात असे. ग्रेफरचं झाड मादी होतं. त्यापासून छाटकलमं झाली, त्या कलमांपासून आणखी कलमं. एक फांदी तोडून ओल्या मातीत खोचायची की झालं, इतकं हे झुडूप सोपं आहे. कलमातून वाढलेलं रोप म्हणजे तेच झाड. मादीच्या फांदीतून मादीच येणार. बघता बघता इंग्लंडभर हजारो बागांमध्ये एकच जुनं झाड पसरलं, आणि त्याला परागकण देणारं कुणी त्या बेटावर नव्हतं.

फळ धरत नाही म्हणून झुडपाला कुणी बोल लावला नाही, कारण त्याच्याकडून फळाची अपेक्षाच नव्हती. त्याच्याकडून वेगळं काम हवं होतं. १८०१ साली लंडनची वस्ती सुमारे दहा लाख होती; १९०१ मध्ये ती पासष्ट लाखांच्या घरात गेली. प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी, वर कारखाने, मग रेल्वे. घरं एकमेकांना खेटून, उंच, पुढे खड्ड्यासारखं आवार, मागे माझ्यासारखं अंगण. त्या शहराने सावली आणि काजळी एकाच वेळी तयार केली. तिच्यात गुलाब मरत, पाइन मरत. ऑक्युबाची गुळगुळीत पानं पावसाने धुतली गेली की पुन्हा चकाकत, आणि काळवंडलेल्या विटांसमोर ते पिवळे शिंतोडे उन्हाचा आभास देत. चौकातल्या बागा, खिडक्यांतल्या कुंड्या, घरांची आवारं सगळीकडे ते गेलं.

आणि हीच काजळी ऑक्युबाच्या नराला आणायच्या कामीही आली. पूर्व लंडनमध्ये नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड नावाचा डॉक्टर होता. त्याला नेच्यांचा नाद, पण धुरामुळे एकही नेचा टिकेना. १८२९ च्या सुमारास त्याने एका पतंगाचा कोश ओलसर मातीत, झाकण लावलेल्या बाटलीत ठेवला. काही दिवसांनी त्या मातीत एक नेचा उगवलेला त्याला दिसला. बाहेर जे जगत नव्हतं ते बंद काचेत जगत होतं, कारण आतलं पाणी आतच फिरत होतं आणि काजळी आत येत नव्हती. त्यातून वॉर्डची पेटी तयार झाली, म्हणजे जहाजाच्या डेकवर ठेवता येणारी काचेची बंदिस्त पेटी. तोवर महिनोन्‌महिन्यांच्या समुद्रप्रवासात बहुतेक रोपं खाऱ्या वाऱ्याने मरत. आता ती जिवंत पोचू लागली.

या पेट्यांचा सगळ्यात धूर्त वापर केला रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माळ्याने. १८४८ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना तो डोक्याचा पुढचा भाग तासून, वेणी लावून, चिनी वेषात चहाच्या मुलखात शिरला आणि चहाची हजारो रोपं व बियाणं या पेट्यांमधून हिंदुस्थानात, हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांकडे पाठवली. सोबत चहा बनवणारे चिनी कारागीरही आणले. आपण रोज सकाळी ज्याचा घोट घेतो तेही खरं तर जंगलातल्या मोठ्या झाडांखाली वाढणारं झुडूपच, कॅमेलियाचं सख्खं भावंड. फॉर्च्यूनविषयी वाचताना मला कौतुक आणि चीड आलटून पालटून वाटत राहिली. कंपनीच्या हिशेबात चोरी हा शब्द नव्हता.

जपानची दारं १८५४ नंतर उघडू लागली. १८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी लोकांसाठी खुलं झालं आणि पुढच्याच वर्षी फॉर्च्यून तिथे हजर होता. या वेळी तो स्वतःच्या हिशेबावर आला होता. ऑक्युबाचा नर मिळवणं हा या प्रवासाचा एक हेतू होता, असं त्याने १८६३ च्या आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे. जपानी झाडीत त्याला साधं हिरवं ऑक्युबा दिसलं आणि ते लाल फळांनी लगडलेलं होतं. इंग्लंडमधल्या खिडक्यांत आणि चौकांत उभी असलेली सगळी ऑक्युबा अशी लाल झाली तर तेवढ्यासाठी इंग्लंडहून जपानपर्यंत येणंही वाया जाणार नाही, असा त्याचा हिशेब. नर झाड त्याला सापडलं ते मात्र कुठल्या जंगलात नव्हे, तर योकोहामातल्या डॉक्टर हॉल या अमेरिकन गृहस्थाच्या बागेत. ते वॉर्डच्या पेटीतून इंग्लंडला गेलं, सरे परगण्यातल्या बॅगशॉट इथल्या स्टँडिशच्या रोपवाटिकेत. १८६४ मध्ये फळांनी भरलेलं ऑक्युबा केन्सिंग्टनच्या प्रदर्शनात लोकांसमोर आलं. एका मादी झाडाच्या कलमांनी तोवर ऐंशी वर्षं काढली होती.

एवढ्या काळात त्या झाडात काहीही बिघाड नव्हता, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उणीव झाडात नव्हती, निवडीत होती. कुणीतरी एकदा शिंतोडे आवडले म्हणून एक रोप उचललं, आणि पुढच्यांनी ती निवड म्हणजेच त्या वनस्पतीचा स्वभाव समजून हजारो वेळा तिची नक्कल केली. आमच्या धंद्यात असा कोड प्रत्येक कंपनीत असतो.

पुढची गोष्ट थोडक्यात. नर आल्यावर ऑक्युबाची लाट आली आणि लाटेबरोबर कंटाळाही. विसाव्या शतकात ते जुनाट, उदास झाड ठरलं. १९५२ च्या डिसेंबरात जीवघेणं धुरकं पडलं, हजारो माणसं दगावली आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. हवा निवळल्यावर इतर झुडपंही शहरात तग धरू लागली, आणि काजळी सोसायचा ऑक्युबाचा गुण कुणाच्या कामाचा राहिला नाही, असं मला वाटतं. घरमालकीणबाई त्या धुरक्याच्या वेळी शाळेतही जात नव्हत्या, पण आईने तोंडावर ओला रुमाल बांधल्याचं त्यांना आठवत होतं. हे झुडूप तेव्हाही तिथेच होतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, हे घर त्यांनी घेतलं तेव्हा ते पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचलं होतं. त्यांनीच ते कापून लहान केलं.

मी स्किमिया आणली नाही. एप्रिलपर्यंत थांबू या, असं बाईंना म्हटलं.

एप्रिलमध्ये पानांच्या बेचक्यांत फुलं आली. जांभळट तपकिरी, चार पाकळ्यांची, लवंगेच्या डोक्याहून जराशीच मोठी; मुद्दाम शोधली नाहीत तर दिसणारही नाहीत. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. मध्ये नुसतं आखूड हिरवट टोक होतं, पिवळे पुंकेसर एकाही फुलात नव्हते. मादी. आसपासच्या चार गल्ल्या पालथ्या घातल्या. ऑक्युबा सात सापडली, सगळी शिंतोड्यांची. फुलं पाहता आली ती सगळी मादी. आठवं चर्चच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी होतं. साधं हिरवं, कुणाचं लक्ष नसलेलं, आणि त्याच्या प्रत्येक फुलात चार पिवळे ठिपके.

जलरंगाचा सगळ्यात बारीक ब्रश आणि कॉन्टॅक्ट लेन्सची रिकामी डबी घेऊन मी रविवारी सकाळी तिथे गेले. एक बाई कुत्रा फिरवत होती, ती थांबून बघत राहिली. तिला काय सांगावं हे न सुचल्याने मी फक्त हसले. घरी येऊन हाताला लागतील तेवढ्या फुलांवर ब्रश फिरवला. वरच्या फुलांसाठी बाईंनी खिडकीतून स्टूल खाली दिलं आणि स्वतः खाली येऊन ते धरून उभ्या राहिल्या.

डिसेंबरात मी परत निघाले तेव्हा अकरा फळं होती. बोराच्या बीएवढी, लांबट, अजून हिरवीच.